तर्री, ताक आणि लिपिड प्रोफाइल

मिसळ समोर आली की आधी तर्री डोळ्यांत भरते. चमच्याने बाजूला सारावी, तर पुन्हा गोळा होऊन वर येते. रस्सा आणि तेल एका पातेल्यात तासभर रटरटले तरी एकमेकांचे झालेले नसतात. वाटणीत मिरचीचा लाल रंग तेलाच्या वाट्याला गेलेला असतो आणि तिखटपणाही बराचसा तिकडेच. मिरचीतली रंगद्रव्यं आणि तिला झोंबरी करणारं कॅप्सेसीन पाण्याला दाद देत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. म्हणून जीभ पोळल्यावर घटाघटा पाणी प्यायलं तरी आग हटत नाही. दह्याचा चमचा तोंडात घोळवा. दह्यातली स्निग्धता आणि प्रथिनं मिळून ते कॅप्सेसीन उचलून नेतात.

लिपिड कशाला म्हणायचं, याचं उत्तर या तर्रीतच आहे. कर्बोदकांची किंवा प्रथिनांची ओळख त्यांच्या बांधणीवरून होते. लिपिडांची ओळख स्वभावावरून होते. सजीवांनी बनवलेलं, पाण्याशी फटकून वागणारं आणि तेलासारख्या द्रावकांत रमणारं जे जे असेल ते लिपिड. त्यामुळे हे कुटुंब मोठं चमत्कारिक झालं आहे. तूप, मेण, ड जीवनसत्त्व, अंड्याच्या बलकातलं लेसिथिन, कोलेस्टेरॉल, गाजराचा नारिंगी रंग ही सगळी एकाच आडनावाची माणसं, पण चेहरे कुणाचे कुणाशी जुळत नाहीत.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली. ‘साधी, संयुक्त आणि साधित लिपिडं’ हे वर्गीकरण मुलं पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. पंचवीस वर्षांनी त्यांतल्याच कुणाचा तरी फोन येतो, ‘सर, लिपिड प्रोफाइल केलंय. ट्रायग्लिसराइड वाढलंय म्हणतात. तूप बंद करू का?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. आधी स्वयंपाकघरात जावं लागतं आणि मग रिपोर्ट उघडावा लागतो. त्याच क्रमाने जाऊ.

मोळी आणि वाकड्या फांद्या

ट्रायग्लिसराइड हे नाव रिपोर्टात आजारासारखं वाचलं जातं, पण तुमच्या किटलीतलं तेल जवळजवळ सगळं ट्रायग्लिसराइडच आहे आणि डब्यातलं तूपही. ग्लिसरॉलचा एक छोटा रेणू आणि त्याला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या, एवढीच त्याची बांधणी. ती उलगडली मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, साबण कसा बनतो हे तपासता तपासता. त्याचा चरबीवरचा ग्रंथ १८२३ साली आला. कोलेस्टेरॉलला आजच्या नावाच्या जवळपास जाणारं नावही त्यानेच दिलं. चरबीचा अभ्यास करणारा हा माणूस १०२ वर्षं जगला. त्यावरून आहाराबाबत कोणताही निष्कर्ष मात्र काढू नये.

सगळा खेळ त्या शेपट्यांच्या आकाराचा आहे. संपृक्त मेदाम्लाची शेपटी सरळसोट असते. असंपृक्त मेदाम्लाच्या शेपटीत दुहेरी बंध असतो आणि तिथे ती वाकते. सरळ लाकडांची मोळी घट्ट बांधता येते. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी मधे पोकळ्या राहतात. सरळ शेपट्या एकमेकींना चिकटून बसल्या की पदार्थ थिजतो. वाकड्या शेपट्या बसू शकत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं.

हे पाहायला प्रयोगशाळा नको. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी चार वाट्यांत खोबरेल, साजूक तूप, शेंगदाणा तेल आणि करडईचं तेल ठेवा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तूप रवाळ होतं, शेंगदाण्याचं आणि करडईचं वाहतंच राहतं. मग त्या दोन वाट्या फ्रिजमध्ये सरकवा. रात्रभरात शेंगदाणा तेल गढूळ होऊन दाट होईल, करडईवर फारसा परिणाम दिसणार नाही. तेलाच्या पाकिटावरची आकडेवारी न वाचताही कुणात किती वाकड्या शेपट्या आहेत ते कळून जातं. कोकणात कोणी असेल तर कोकम तेलाचा एक गोळा मागवून घ्या. कोकमाच्या बियांतली ही चरबी उन्हाळ्यातही घट्ट राहते आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेच्या आसपास पाघळू लागते. टाचांच्या भेगांत ती इतकी छान का जिरते ते तेव्हा लक्षात येतं.

सजीवांनी हा गुण नेमका वापरला आहे. थंड पाण्यातल्या माशाच्या अंगात तुपासारखी चरबी असती तर तो पोहता पोहता थिजला असता. त्याच्या काही मेदाम्लांना पाच-सहा वाकणं असतात. बांगडा आणि तारली यांचं तेल म्हणूनच थंडीतही पातळ असतं. ते मेदाम्ल माशाने स्वतः फारसं बनवलेलं नसतं. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळापासून एकाने दुसऱ्याला खाता खाता ते त्याच्यापर्यंत आलेलं असतं.

मग जीव चरबी साठवतात तरी का? कारण तिच्याइतकी आटोपशीर शिदोरी दुसरी नाही. एक ग्रॅम मेदातून ९ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून किंवा साखरेतून ४. शिवाय साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवायची तर त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणीही सोबत बाळगावं लागतं. मेद कोरडा राहतो. सडसडीत दिसणाऱ्या माणसाच्या अंगावरही दहा किलोंच्या आसपास चरबी असते. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात बाळगायची म्हटली तर साठ किलोंहून अधिक ओझं अंगावर चढेल. तिळाच्या एवढ्याशा दाण्यात निम्मं तेल असतं ते याच हिशेबाने, कोंब जमिनीच्या वर येऊन स्वतः अन्न बनवू लागेपर्यंतची ती बेगमी. आमूर ससाणा नागालँडमध्ये उडत्या वाळवीवर ताव मारून चरबी चढवतो आणि तिच्या बळावर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातो. उंटाच्या वशिंडातही पाणी नसतं, चरबीच असते. मुलांना शाळेत अजून कोणी पाण्याचं सांगत असेल तर दुरुस्त करा.

लोणी वर आलं, मग ताकात काय गेलं?

आता रवी हातात घ्या. मिक्सर असला तरी चालेल, पण रवीने जे दिसतं ते मिक्सरच्या आवाजात निसटतं.

दुधातला मेद सुटा तरंगत नसतो. त्याचे अतिसूक्ष्म गोळे असतात आणि प्रत्येक गोळ्याला पातळ वेष्टण असतं. त्या वेष्टणामुळे दोन गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. सायीचं विरजण घुसळताना आपण ती वेष्टणं फाडत असतो. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही, नुसता फेस. मग आवाज बदलतो, रवी जड होते, कडेला बारीक रवा दिसू लागतो आणि बघता बघता गोळा जमतो. उन्हाळ्यात गार पाणी घाल आणि थंडीत कोमट घाल, असं आजी का सांगायची? मेद पूर्ण वितळलेला असेल तर गोळे फुटूनही लोणी धरत नाही, आणि फार घट्ट असेल तर ते एकमेकांना चिकटत नाहीत. अर्धं घट्ट, अर्धं मऊ अशा बेताचं तापमान लागतं. आजीकडे थर्मामीटर नव्हता. तिला रवीच्या दोरीवरून कळायचं.

लोणी वर आलं. फाटलेली वेष्टणं गेली ताकात. ती वेष्टणं मुख्यतः फॉस्फोलिपिडांची आणि प्रथिनांची. लिपिडांतला हा दुसरा मोठा गोतावळा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. चरबीशिवाय जगणारे जीव आहेत, फॉस्फोलिपिडांचा किंवा तशाच दुतोंडी लिपिडांचा पडदा नसलेली पेशी मात्र नाही.

फॉस्फोलिपिडाला ट्रायग्लिसराइडसारख्याच शेपट्या असतात, पण तीनऐवजी दोन. तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं असतं आणि त्या डोक्याला पाणी आवडतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा पाहुणा दोन्ही घरी जेवतो. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन ओळींत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी शिकवावं लागत नाही. तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीची कुंपणभिंत अशी दोन रेणूंच्या जाडीची आहे.

ही जाडी कशी कळली, याची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि ते जवळपास अर्धा एकर पसरून पाणी आरशासारखं स्थिर झाल्याचं १७७४ साली लिहून ठेवलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी जर्मनीत आग्नेस पोकेल्स नावाच्या बाईने, विद्यापीठाचं तोंडही न पाहता, घरच्या स्वयंपाकघरात पाण्यावरच्या तेलकट थराचं मोजमाप करण्याची युक्ती शोधली. भांडी घासता घासता सुचलेली ही गोष्ट तिने इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना कळवली आणि त्यांनी ती १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आणली. पुढे १९२५ मध्ये हॉलंडमधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतली सगळी लिपिडं काढून पाण्यावर पसरवली. पसारा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, म्हणजे थर दोन. खरं तर त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, पण त्या विरुद्ध दिशेच्या निघाल्या आणि उत्तर बरोबर आलं. परीक्षेत असे गुण मला कधी देता आले नाहीत.

या पडद्याचे व्यवहारातले धागे बघा. २०२० मध्ये आपण सगळे वीस-वीस सेकंद हात धूत होतो, कारण करोना विषाणूचं बाहेरचं वेष्टण लिपिडांचं असतं. साबणाचा रेणूही पाणी आणि तेल दोन्हींशी मैत्री करणारा. तो त्या वेष्टणात घुसतो आणि विषाणू विस्कटतो. चॉकलेटच्या वेष्टनावर ‘इमल्सिफायर ३२२’ असा आकडा दिसला तर दचकू नका. ते लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनमधून काढलेलं. मेयोनीजमध्ये तेल आणि व्हिनेगर एकत्र नांदवतं तेही अंड्याच्या बलकातलं लेसिथिनच.

फुप्फुसांच्या आतल्या फुग्यांवरही फॉस्फोलिपिडांचा लेप असतो. तो नसेल तर श्वास सोडल्यावर फुगे मिटून जातात आणि पुन्हा उघडायला अफाट जोर लागतो. बाळाच्या फुप्फुसांत हा लेप पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. वेळेआधी जन्मलेली बाळं श्वासासाठी का झगडतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. घरात कुणाची प्रसूती लवकर होण्याची चिन्हं असतील आणि डॉक्टरांनी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर ते बाळाच्या फुप्फुसांत हा लेप लवकर तयार व्हावा म्हणून असतं. ‘स्टिरॉइड’ शब्द ऐकून घरच्यांनी घाबरून वेळ घालवू नये.

अळवावरचं पाणी

मेणाबद्दल थोडंच. क्षणभंगुरतेसाठी आपण अळवावरच्या पाण्याचा दाखला देतो. तो थेंब ठरत नाही, कारण पानावर मेणाचा बारीक खडबडीत थर असतो आणि पाणी त्याला भिजवू शकत नाही. अळूवडी करताना पान उलटं टाकून मागच्या बाजूला पीठ लावतात त्यामागे शिरा दाबण्याची सोय आहेच. पण एकदा वरच्या बाजूला लावून बघा, पीठ कसं निसटतं ते.

द्राक्षांवरची पांढुरकी झाक अनेकांना औषधाची फवारणी वाटते. द्राक्षं धुऊनच खावीत, तो प्रश्न वेगळा. पण बोटाने पुसली जाणारी ती झाक बहुतांशी द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, मण्यातलं पाणी उडू नये म्हणून. तासगावच्या बेदाणा शेडवर याचीच अडचण होते. मेण असेपर्यंत मणी लवकर सुकत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ म्हणजे इथाइल ओलिएट यांच्या पाण्यात बुडवून काढतात. मेणाची घडी मोडते, पाणी बाहेर पडायला वाट मिळते आणि महिन्याभराचं काम पंधरवड्याच्या आसपास उरकतं. तेलाने मेणाचा काटा काढायचा, असा हा प्रकार.

बदनाम पण बिनतोड

कोलेस्टेरॉलला शेपट्याच नसतात. चार कड्या एकमेकींना जोडलेल्या, असा तो वेगळ्याच घडणीचा रेणू. प्राण्यांच्या पेशीपटलात तो शेपट्यांच्या मधे बसतो आणि पटलाला ना फार पातळ होऊ देतो, ना फार घट्ट. त्यापासूनच पित्तक्षार होतात, आणि पित्तक्षार नसतील तर जेवणातलं तूप पचनरसांना सापडणारच नाही. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं त्याच्यापासूनच. त्वचेतल्या त्याच्या एका जवळच्या नातेवाइकावर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा तरी तिथे असतो.

बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं. ते मुख्यतः प्राण्यांचं लिपिड आहे. वनस्पतींत त्याच्याऐवजी त्याची भावंडं असतात. म्हणून खाद्यतेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं मिरवलेलं वाचलं की मला ‘बिनहाडाची केळी’ अशी पाटी आठवते. त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता रिपोर्ट उघडा. एलडीएल आणि एचडीएल ही कोलेस्टेरॉलची दोन रूपं नव्हेत, ती वाहनं आहेत. रक्त पाण्याचं, त्यातून तेलकट माल न्यायचा, तर वेष्टण हवं. यकृत तोच उपाय करतं जो गाईने दुधात केला होता. मेदाचा आणि कोलेस्टेरॉलचा गोळा आणि त्याभोवती फॉस्फोलिपिड-प्रथिनांचं आवरण. एलडीएल माल घेऊन घरोघर जाणारा टेम्पो. पेशींवरची ग्राही प्रथिनं म्हणजे माल उतरवून घेणारी दारं. ही दारं मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधली आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. दारं कमी असली किंवा टेम्पो फार झाले, तर ते रस्त्यातच रेंगाळतात, धमनीच्या भिंतीत शिरतात आणि तिथे कचरा साचत जातो. एचडीएल म्हणजे घंटागाडी. पण केवळ औषधाने घंटागाड्या वाढवून पाहिल्या तर हृदयविकार अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. तेव्हा ‘माझं चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे’ या समाधानात एलडीएलकडे डोळेझाक करू नका.

वाचताना काही गोष्टी लक्षात असू द्या. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावं. एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या वर असावं. एलडीएलला मात्र सगळ्यांना एकच आकडा लागू नाही. १०० च्या आत बरं म्हणतात, पण मधुमेह असलेल्याला किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला डॉक्टर त्याहून पुष्कळ खाली आणायला सांगतील. शेजाऱ्याच्या रिपोर्टाशी तुलना म्हणूनच निरर्थक. व्हीएलडीएल, म्हणजे यकृतातून ट्रायग्लिसराइड नेणारा टेम्पो, त्याचा आकडा बघा आणि त्याला पाचने गुणा. बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइडचा आकडा येईल, कारण व्हीएलडीएल मोजलेलं नसतंच, ट्रायग्लिसराइडच्या भागाकाराने काढलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी एलडीएलही असंच, वजाबाकीने काढतात. हे सूत्र १९७२ सालचं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते सूत्र चालत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून द्यायला सांगा.

माझं स्वतःचं ट्रायग्लिसराइड एकदा २८० आलं होतं. आठवडाभर मी तोंड पाडून वरणभात तुपाशिवाय गिळला. मग आठवलं, आदल्या रात्री लग्नाचं जेवण होतं, जिलेब्या मोजल्या नव्हत्या आणि बारा तासांचा उपास जेमतेम आठच तासांचा झाला होता. पुन्हा नीट उपाशीपोटी केलं तर १६० निघालं. पहिली तपासणी उपास न करता केली तरी हल्ली चालते, पण ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसलं तर उपाशीपोटी पुन्हा करूनच निर्णय घ्या.

जिलेबीचा उल्लेख सहज आलेला नाही. रक्तातलं ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तुपाइतकाच, पुष्कळदा जास्त, हात साखरेचा, मैद्याचा आणि दारूचा असतो. गरजेहून अधिक साखर आली की यकृत तिचा मेद बनवून व्हीएलडीएलच्या टेम्पोत भरतं. तूप सोडलं, पण चहात दोन-दोन चमचे साखर आणि दिवसातून पाच चहा, अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. फोन करणाऱ्या विद्यार्थ्याला मी म्हणूनच आधी विचारतो, ‘चहा किती?’ एलडीएलचं गणित वेगळं. तिथे संपृक्त मेद, ट्रान्स मेद आणि आनुवंशिकता भारी पडतात. आणि कोलेस्टेरॉल कमी करायला चालू असलेली स्टॅटिनची गोळी असा कुठलाही लेख वाचून, हा धरून, बंद करू नका.

किराणा भरताना

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे चहाचे सहा चमचे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. पिशवीवर १ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम असतं, तेव्हा साडेतीन लिटर, तूप धरून. तुमच्या वाण्याच्या यादीत पाच-सहा लिटर असेल, तर कोणतं तेल चांगलं या वादाआधी तो आकडा खाली आणा. किटलीतून धार सोडण्याऐवजी चमच्याने घालायला लागा, एवढ्यानेच बराच फरक पडतो.

तेल कोणतं? एकच धरून बसू नका. शेंगदाणा तेलात एक वाकण असलेलं ओलिक आम्ल जास्त, ते फोडणीला आणि तळणीला बऱ्यापैकी टिकतं. मराठवाडा-सोलापूरकडची पारंपरिक करडई दोन वाकणांच्या लिनोलिक आम्लाने भरलेली. हे आम्ल आपलं शरीर बनवू शकत नाही. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ मध्ये उंदरांना मेदाशिवायचं अन्न दिलं तेव्हा त्यांची कातडी खपल्यांनी भरली, आणि थोडंसं लिनोलिक आम्ल मिळताच ती सुधारली. मेद अजिबात नको, हा आहार किती धोक्याचा आहे ते तेव्हापासून माहीत आहे. याच कुळातल्या मेदाम्लांपासून प्रोस्टाग्लँडिनं बनतात. पाळीत पोट दुखतं, मुरगळलेला पाय सुजतो ते त्यांच्यामुळे, आणि ॲस्पिरिन त्यांचीच निर्मिती रोखतं.

तीन वाकणांचं ओमेगा-३ आपल्या तेलांत कमी असतं. त्यासाठी जवस. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक तेच. पण जितकी वाकणं अधिक तितकी हवा लवकर लागते. जवसाचं तेल रंगात वापरतात ते हवेने सुकून कडक होतं म्हणून, आणि त्यात भिजलेली चिंधी बोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटूही शकते. तेव्हा तेल तळायला नको. चटणी करा, पंधरा दिवसांपुरतीच करा, बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मासे खात असाल तर बांगडा-तारली महाग सुरमईपेक्षा या बाबतीत मुळीच कमी नाहीत, आणि शरीराला थेट लागणारं ओमेगा-३ त्यांतच. जवसातल्याचं रूपांतर शरीर फारच थोडं करू शकतं.

तूप? संपृक्त साठ टक्क्यांच्या वर, हे खरं. पाणी जवळजवळ नाही, वाकणं कमी, म्हणून ते टिकतं हेही खरं. लोणी कढवताना बेरी लाल होईपर्यंत थांबतो ते पाणी पुरतं जावं म्हणूनच. एलडीएल वाढलेलं नसेल तर वरणभातावरचा चमचा राहू द्या, फक्त तो २७ ग्रॅमांतून वजा करा. खोबरेल ९० टक्के संपृक्त आहे. कोकणात किंवा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं म्हणून इतरांनी चमचा-चमचा औषध म्हणून प्यायला लागावं, असं काही त्यात नाही.

टाळायचं ते वनस्पती तूप. डालडा भारतात १९३७ मध्ये आला आणि त्याचं नाव सगळ्याच वनस्पती तुपाला पडलं. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करतात. काम अर्धवट थांबवलं की काही शेपट्या दुहेरी बंध ठेवूनही सरळ होतात. या ट्रान्स शेपट्या एलडीएल वाढवतात आणि एचडीएल घटवतात, म्हणजे दोन्हीकडून तोटा. भारतात त्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात २ टक्क्यांवर आणली आहे. तरी खारी, क्रीम बिस्किटं, स्वस्त केक यांच्या वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द शोधायची सवय ठेवा. एक जुनी गंमत: साजूक तुपात केलेली वनस्पतीची भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल घालण्याची सक्ती होती. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घातलं की तिळामुळे तो थर गुलाबी-लाल होतो. घरी करू नका, आम्ल आहे.

कोशिंबिरीवर फोडणी घाला. गाजरातलं कॅरोटीन, पालेभाजीतलं के जीवनसत्त्व मेदाच्या सोबतीशिवाय आतड्यातून नीट आत येत नाही. उलट अ, ड, ई, के ही शरीरात साठतात, लघवीवाटे सहज निघून जात नाहीत; म्हणून ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मनानेच घेत राहू नका.

आणि तळणीचं तेल. तापत राहिलं की त्यात जे विघटित पदार्थ साठतात त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्के ठरवली आहे, त्यापुढे ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायला यंत्र नसतं, पण नाक असतं. तेल दाटलं, काळवंडलं, कमी आचेवरच धूर धरू लागलं, फेस बसेना, वास खवट आला, की त्याची सद्दी संपली. त्यात ताजं ओतून ते पुन्हा तारुण्यात येत नाही. ताजंच लवकर म्हातारं होतं. एकदा तळलेलं गाळून घ्या, बुडाचे कण काढा, झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. मोरीत ओतू नका, नळात थिजून बसतं. दिवाळीला तर हे तेल भांडंभर उरतं. आमच्याकडे ते पणत्यांत जातं, आणि पाडव्याच्या संध्याकाळी अंगणात चकलीचा वास येतो.